गल्ल्यामागची खुर्ची

काकांची पाठ वाकत नाही. थोडी वाकते, बेताने वाकते, असलं काही नाही; नाहीच वाकत. रुमाल खाली पडला तर काका रुमालापर्यंत सबंधच्या सबंध जातात. एक गुडघा जमिनीला टेकवायचा, पाठ भिंतीसारखी सरळ, रुमाल घ्यायचा आणि गेले तसेच सरळ वर यायचं. कुणी मागून हाक मारली तर मान वळत नाही, अख्खे काका वळतात. ऐन पंचविशीत हे दुखणं मागे लागलं. मणक्यांना सूज येते आणि हळूहळू ते एकमेकांना चिकटत जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजाराचं नाव इतकं लांबलचक की ते लक्षात ठेवायचा नाद काकांनी पहिल्याच दिवशी सोडला.

आता असा माणूस पोटापाण्यासाठी काय करत असेल? कुठल्यातरी कचेरीत टेबलामागे बसत असेल, असंच कुणालाही वाटेल. तर ते नाही. काका बूट विकायचे. दिवसभर लोकांच्या पायाशी.

दुकान अरुंद आणि लांबडं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोके रचलेले, त्यांना टेकवलेली चाकांची शिडी, मधोमध गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि बाकासमोर जमिनीलगत तिरके लावलेले बुटके आरसे, ज्यांत माणसाचे फक्त पाय दिसतात. चामड्याचा वास इतका मुरलेला की सुट्टीच्या दिवशी काकांना घरातली हवा बेचव लागायची. काम म्हणजे नुसती उठबस. पाय बघायचा, शिडी चढायची, खोका काढायचा, उतरायचं, गुडघ्यावर बसायचं, बूट चढवायचा, उठायचं, ‘जरा चालून बघा’ म्हणायचं, आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की पुन्हा शिडी. दुसरा कुणी असता तर त्याच्या नाकी नऊ आले असते. काकांची पाठ मात्र या खटाटोपानेच सैल पडायची. सकाळी दुकानात शिरताना जी पाठ लाकडाची असायची, ती दुपारपर्यंत माणसाची व्हायची.

गिऱ्हाइकांना यातलं काय ठाऊक? त्यांना दिसायचं ते एवढंच, की हा उंच, ताठ माणूस आपल्यासमोर एक गुडघा टेकवून बसतो, आपला पाय हातात घेतो आणि पाठीला जराही बाक न येऊ देता बूट चढवतो. माणसं आपोआप सावरून बसायची. मोजा फाटका असला तर पाय हळूच मागे घ्यायची. मालक तर हरखून जायचे. “ही रीत आहे, रीत,” गल्ल्यामागच्या खुर्चीतून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. “गिऱ्हाइकाचा मान कसा राखावा ते आमच्या माणसाकडून शिका.” यावर काका गप्प. सुरुवातीला खरं सांगायची सोय नव्हती, कारण वाकता न येणाऱ्या माणसाला बुटांच्या दुकानात कोण उभं करील? आणि पुढे मालकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर इतकं उंच चढवून ठेवलं की उतरायचीच लाज वाटायला लागली.

घरी लपवालपवी नव्हती. घरी काकू होत्या. काकू पाळणाघर चालवायच्या, आणि दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून सगळ्या जगाशी त्याच सुरात बोलायची त्यांना सवय जडली होती. काकांना सकाळी उठवणं म्हणजे एक कामच होतं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय पलंगाखाली सोडायचे, मग काकूंच्या हाताला धरून वर. मग गरम पाण्याची धार पाठीवर घेत बराच वेळ न्हाणीघरात. मग दाराच्या चौकटीला धरून ताणायचे व्यायाम, ते करताना कडू औषध घेतल्यासारखा चेहरा. आणि शेवटी काकू पुढ्यात बसून त्यांच्या पायात मोजे चढवायच्या. “जगाला बूट घालणारा माणूस, आणि याला मोजे घालायचे मी,” हे त्यांचं रोजचं वाक्य. “म्हणून तर लग्न केलं,” हे काकांचं.

रविवारी भिंत असायची. स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीला टाचा लावून काकांनी उभं राहायचं, डोकं जाईल तेवढं मागे न्यायचं, आणि डोकं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत काकूंनी हात घालून बघायचा. फट वाढली म्हणजे पाठ पुढे झुकत चालली असं समजायचं, हे डॉक्टरीणबाईंनी शिकवून ठेवलं होतं. कित्येक वर्षं त्या फटीत काकूंची बोटं जेमतेम शिरत होती. “आहात तिथेच आहात,” काकू म्हणायच्या, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडायचा. मग चहा व्हायचा.

या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि जिभेने फटकळ. “काका, तुमची पाठ बसली की गंजते,” त्या म्हणायच्या. “आराम तुमच्या नशिबात नाही. हलत राहा.” काकूंनी हे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं होतं. डॉक्टरांचं काय जातं सांगायला, असं त्यांचं मत. आणि त्यांच्यापुरतं त्यांचं बरोबरही होतं, कारण त्यांना काका दिसायचे ते संध्याकाळी बसमधून उतरताना. काका बसमध्ये उभे राहायला तयार असायचे, पण लोक त्यांचे पांढरे केस बघून जागा द्यायचे, आणि कुणाला नाही म्हणणं हे काकांच्या रक्तातच नाही. तासभर सीटवर बसून पाठ पुन्हा लाकडाची. दांड्याला धरून ते एकेक पायरी उतरायचे आणि थांब्यावर वाट बघणाऱ्या काकूंच्या पोटात तुटायचं. सगळं खापर त्या दुकानावर फोडायच्या. अगं, ही दुकानाची करणी नाही, बसची आहे, असं काका कधी बोलले नाहीत. बायको आपल्यासाठी हळहळते आहे, यात कुणाला बरं वाटत नाही?

तर असं सगळं चालू असताना, थंडी सुरू होता होता, मालकांनी काकांना बोलावलं. म्हणाले, “माझे गुडघे आता कुरकुर करायला लागलेत. मी घरी बसतो. गल्ला तू सांभाळ.” आणि खुर्चीच्या पाठीवर थोपटलं. खुर्ची जुन्या लाकडाची, वर चामड्याची गादी, आणि गादीला मधोमध मालकांच्या आकाराचा खड्डा. त्या खुर्चीत मालकांशिवाय कुणी बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. काकांच्या तोंडात नकार तयार होता. “घरी विचारतो,” एवढंच बाहेर आलं.

घरी विचारलं, तिथेच सगळं संपलं. काकूंचे पाय जमिनीवर राहीनात. आधी लेकीला फोन, मग बहिणीला, मग नणंदेला, आणि नणंदेला तर जरा जास्तच वेळ. “हो ना, आता नुसतं बसायचं. दिवसभर खुर्चीत. मालकांची खुर्ची हो, दुसरी कुठली?” काका आतल्या खोलीतून ऐकत होते. काकूंचा असा आवाज त्यांनी लेक झाली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर आजच. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते त्यांना आठवत होतं. पण बघू, असं ते स्वतःला म्हणाले. आखडली तर उठून फेऱ्या मारू.

फेऱ्या कुठल्या मारणार? गल्ला सोडून उठायचं नाही हा दुकानाचा नियम, आणि तो खुद्द मालकांनी घातलेला. काका बसले. खड्डा त्यांच्या मापाचा नव्हता, पण गादी मऊ होती, आणि पहिला आठवडा छान गेला. बायकांच्या चपला विकणाऱ्या ताई ‘साहेब’ म्हणून चिडवायच्या. मालक रोज दुपारी ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणून यायचे आणि गल्ल्याला रेलून उभे राहायचे, कारण खुर्ची एकच. खोक्यांवरची धूळ बोटाने पुसून बघायचे, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट कोणत्या बनावटीचे ते सांगायचे, आणि मग जायला म्हणून वळून पुन्हा कशावरून तरी बोलणं काढायचे.

थंडी वाढली तशी काकांची पाठ आवळत चालली. खुर्चीतून उठताना गल्ल्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरावं लागे. खोल श्वास घेतला तर बरगड्या दुखत. रात्री एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळताना जाग येई. सगळ्यात वाईट सकाळ. आणि ही सकाळ काकूंच्या नजरेला पडू द्यायची नाही, असं काकांनी ठरवून टाकलं. त्या उठायच्या आत ते पलंगावरून कसेबसे घरंगळत उतरायचे, भिंतीचा आधार घेत न्हाणीघरात जायचे आणि दार लावून गरम पाण्यात पिळलेला पंचा पाठीवर टाकून दात आवळून उभे राहायचे. काकूंना जाग येईस्तोवर काका खिडकीशी उभे, हसतमुख. मोज्यांची पंचाईत होती. मोजे काही एकट्याने चढेनात, आणि काकूंना पुढ्यात बसू दिलं तर पाय किती उचलला जातो हे त्यांना कळणार. मग काका रात्रीच, पलंगावर आडवं पडून, काकूंकडून मोजे चढवून घ्यायला आणि ते घालूनच झोपायला लागले. थंडी वाजते म्हणाले.

“बघा,” काकू म्हणाल्या, “हात न धरता उठायला लागलात. खुर्चीचा गुण.”

“तर काय,” काका म्हणाले. ताकास तूर लागू दिली नाही.

रविवारची भिंतही ते टाळायला लागले. एका रविवारी लेकीचा फोन लांबवला, एकदा नळाची गळती काढून बसले, एकदा तर चक्क शेजाऱ्यांची चौकशी करायला गेले, जे काका आयुष्यात कधी करत नाहीत. काकूंनाही आता भिंतीची तेवढी फिकीर उरली नव्हती. माणूस बरा होत चाललाय तर मोजायचं काय?

थंडी ओसरली. एका रविवारी काकू दाराशेजारची भिंत पुसत होत्या, आणि समोरून काका येताना दिसले म्हणून म्हणाल्या, “या, उभे राहा पटकन, आलाच आहात तर.” काकांना सबब सुचली नाही. टाचा लावून उभे राहिले. डोकं मागे नेलं, आणखी नेलं, कपाळाला घाम आला. काकूंनी सवयीने बोटं घातली. बोटं गेली. पंजा गेला. मग त्यांनी मूठ वळून घातली आणि तीही आरपार गेली.

काकूंनी हात काढला नाही. “हे कधीपासून?”

“काय?”

“मला गिऱ्हाईक समजू नका. कधीपासून?”

काका भिंतीशी उभे, पळायला वाट नाही. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पहाटेचं उठणं, न्हाणीघर, मोजे, गल्ल्याची कड. काकू ऐकत गेल्या आणि ऐकता ऐकता जवळच्या स्टुलावर बसल्या.

“अहो, पण सांगायचं नाही? मी काय परकी होते?”

“तू खूश होतीस गं,” काका म्हणाले. “इतक्या वर्षांत मी तुला बहिणीला फोन करून सांगावं असं काही दिलं नव्हतं. एकदा दिलं ते परत कसं मागू?”

काकू रडल्या आणि चिडल्या, दोन्ही एकदम. “आणि मी बावळट रोज विचारतेय, बसायला बरं वाटतं ना हो? ती डॉक्टर ओरडून सांगत होती आणि मी तिला पोर समजत होते. स्वतःचा कणा वाकवून मला कसली खुर्ची देताय? जळो ती खुर्ची. उद्या जाऊन सांगायचं मालकांना.”

“सांगितलं तर ते मला घरीच बसवतील.” काकांचा आवाज बारीक झाला. “वाकता येत नाही म्हटल्यावर या वयात कोण मला शिडीवर चढवील? आणि घरी बसलो तर मी गेलोच गं. मग नुसती फट वाढणार नाही, सगळा मीच मिटेन.”

काकूंनी पदराने तोंड पुसलं. “मी येते बरोबर,” त्या म्हणाल्या.

सोमवारी पाळणाघर शेजारणीच्या गळ्यात घालून काकू निघाल्या. बसमध्ये एक मुलगी काकांना जागा द्यायला उठू लागली, तेव्हा काकूंनी तिला हाताने खाली बसवलं. “राहू दे, बाळ. त्यांना उभंच बरं असतं.” काका दांड्याला धरून उभे राहिले आणि मनातल्या मनात मालकांशी बोलत राहिले.

मालक दुपारी आले, नेहमीसारखे गल्ल्याला रेलले. काकूंना बघून जरा चपापले. काकू काही बोलायच्या आत काकाच बोलून गेले, “मालक, माझी पाठ वाकत नाही.”

“ते काय आज सांगतोस? तेच तर मी लोकांना...”

“रीत म्हणून नाही हो. वाकतच नाही. मणक्यांचं दुखणं आहे, तुमच्याकडे लागायच्या आधीपासूनचं. गुडघ्यावर बसत होतो ते मान राखायला नाही, दुसरं काही जमत नव्हतं म्हणून. तुम्ही जगाला सांगत राहिलात आणि मी ऐकून घेत राहिलो.”

ताई हातातला खोका तसाच धरून उभ्या. मग मालकांनी विचारलं, “म्हणजे काम सोडतोस?”

“खुर्ची सोडतो. मला पाय द्या परत. बसलो की आखडतो, उठबस केली की चालतो. घरी बसवू नका, एवढं करा.”

“मीच बसवलं त्यांना,” काकू मध्येच म्हणाल्या. “हौस माझी होती.”

“तुमची कसली?” मालक म्हणाले. “मी बघत होतो ना. सकाळी आल्या आल्या शिडीला धरून हा किती वेळ नुसता उभा राहायचा. मला वाटलं, गुडघे गेले बिचाऱ्याचे, माझ्यासारखे. म्हणून खुर्ची दिली. नाहीतर मला काय घरी जायची हौस होती? घरात आहे कोण? बायको जाऊन इतकी वर्षं झाली. दुपारी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतो मी.”

या माणसाने आपल्यासाठी खुर्ची सोडली आणि त्याच खुर्चीशेजारी रोज उभा राहिला, हे काकांच्या आत्ता ध्यानात आलं, आणि त्यांना लाज वाटली आणि तितकंच प्रेम वाटलं. त्यांनी उठून नुसती खुर्ची मागे ओढली. “बसा,” म्हणाले.

मालक बसले. खड्ड्यात नीट सरकून घेतलं, गल्ल्यावर दोन्ही हात ठेवले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलाला आई दिसावी तसा झाला. मग एकदम बोट उगारून म्हणाले, “आणि एक ऐकून ठेव. लोकांचे घामेजलेले पाय इतकी वर्षं हातात घेताना तुझं तोंड एकदाही वाकडं झालं नाही. ते काय मणक्यांनी केलं?”

काका उत्तर देणार तोच दारातून एक म्हातारे गृहस्थ आले, बुटाचा तळ उघडा पडलेला. काका गेले. पहिल्यांदा गुडघ्यावर बसताना सगळे सांधे ओरडले. बाकाला धरूनच उतरावं लागलं आणि उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग शिडी. मग पुन्हा खाली. म्हाताऱ्यांना टाचेला बोचत होतं, म्हणून पुन्हा शिडी. मग शाळेच्या बुटांसाठी एक आई आणि तिची दोन पोरं आली. मग कुणीतरी लग्नासाठी बूट घ्यायला आलं, ज्याला काहीच पसंत पडत नव्हतं, आणि काका मनातून त्याला दुवा देत वर-खाली करत राहिले. पूर्वीसारखं नव्हतं, अजून बरेच दिवस नसणार होतं. पण तास दोन तासांनी कुठेतरी आत एक गाठ सुटली, मग दुसरी, आणि बरगड्यांत हवा शिरली.

काकू बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. या दुकानात त्या दिवसाउजेडी कधी आल्याच नव्हत्या. पाळणाघर सुटायचं तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ झालेली असायची. त्यांच्या वाट्याला नवऱ्याची सकाळ आली होती आणि संध्याकाळ. लाकडाचा उठायचा आणि लाकडाचा परत यायचा. त्या बघत होत्या की शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून, एका हाताने खोका काढत, हा माणूस शीळ घालतो आहे. त्यांना शीळ घालणारा नवरा ठाऊकच नव्हता.

काका आरशाकडे तोंड करून पुन्हा गुडघ्यावर बसले तेव्हा बुटक्या आरशात त्यांना गिऱ्हाइकाच्या पायांशेजारी ओळखीच्या चपला दिसल्या. बराच वेळ झाला होता तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

“अगं, तू जायचं नाहीस?” आरशाकडे बघतच त्यांनी विचारलं. “पोरं वाट बघत असतील.”

“जाईन हो,” काकू म्हणाल्या. “दुपार तर संपू दे.”